मशीनमधून काढल्यावर मॅरोतल्या पेशींचा आकडा निम्मा झाला. माझ्या लेकीचा अर्धा मॅरो वाया गेला का?

दोघांची_आई

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुलगा झोपलाय, मला झोप नाही. कुणी या कामातलं असेल तर कृपया उत्तर द्या.

मुलगा ९ वर्षांचा, वजन २५ किलो, गंभीर अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे त्याच्या हाडातला मॅरो (मगज) पुरेसं रक्तच बनवत नाही. दाता त्याची मोठी बहीण, १४ वर्षांची. दोघांचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळलं, पण रक्तगट वेगळे: त्याचा ओ पॉझिटिव्ह, तिचा ए पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गट वेगळा असला तरी अडत नाही, फक्त तिच्या मॅरोतल्या तांबड्या पेशी मशीनवर काढून मग मॅरो द्यायचा.

आज सकाळी आठला तिला आत नेलं, अकराला बाहेर आणलं. कमरेवर दोन्ही बाजूंना पट्ट्या, पालथी झोपून होती. ७०० मिली मॅरो काढला म्हणाले. संध्याकाळी पाचला पिशवी वॉर्डात आली ती एवढीशी. ११० मिली! मी नर्सताईंना दोनदा विचारलं, बाकीची कुठे आहे. त्या म्हणाल्या, हीच.

नंतर फाइलमधला कागद पाहिला. त्यावर ‘टीएनसी प्रतिकिलो’ अशी ओळ आहे. प्रक्रियेआधी ५.६, प्रक्रियेनंतर २.८. बरोबर निम्मं. डॉक्टर घाईत होते, ‘सगळं उत्तम आहे’ म्हणाले आणि गेले. उत्तम कसं? माझ्या पोरीनं एवढं सोसलं आणि त्यातलं अर्धं मशीननं टाकून दिलं? उरलेल्यात माझ्या मुलाचं भागेल का? पिशवी तर देऊन झाली, आता परत मागताही येणार नाही.

---

एका_लेकीचा_बाबा

ताई, धीर धरा. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच रात्रीतून गेलोय.

आमच्यात उलटं होतं. लेक ए, दाता भाऊ ओ. त्यामुळे तांबड्या पेशींना हात लावला नाही, सेंट्रिफ्यूजवर फिरवून फक्त वरचा प्लाझ्मा (पेशींशिवायचा पातळ द्रव) काढला. आकडा जवळपास तोच राहिला होता. म्हणून तुमचा निम्मा झालेला आकडा वाचून मलाही कळेना. इथे ‘पेशीघर’ म्हणून एक ताई असतात, त्या प्रयोगशाळेत हेच काम करतात. त्यांनी पाहिलं तर नक्की सांगतील.

---

पेशीघर

ताई, आधी एक करा. टीएनसीची ओळ सोडा. त्याच कागदावर खाली कुठेतरी ‘सीडी३४’ अशी ओळ असेल, तिच्यातले आधीचे आणि नंतरचे आकडे बघा आणि इथे लिहा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. ते सापडेपर्यंत मी बाकीचं लिहिते.

मी चौदा वर्षं स्टेम सेल प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तुमच्या लेकीच्या पिशवीसारख्या पिशव्या माझ्या हातून गेल्यात. तुमचा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण हा गोंधळ तुमचा नाही. आम्ही कागदावर दोन आकडे छापतो आणि त्यांचा अर्थ सांगायला कुणीच थांबत नाही.

तांबड्या पेशी काढाव्याच का लागतात, ते आधी. तुमचा मुलगा ओ गटाचा, म्हणजे त्याच्या प्लाझ्मात ए गटाविरुद्धच्या अँटीबॉडी जन्मल्यापासून काही महिन्यांतच तयार झालेल्या आहेत. मॅरो म्हणजे नुसत्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं) नव्हेत. हाडातून सुईनं ओढताना त्यात भरपूर रक्त येतं. ७०० मिलीमध्ये साधारण २०० मिली निव्वळ तांबड्या पेशी असतात. त्या तशाच दिल्या असत्या तर त्याच्या अँटीबॉडींनी त्या एका दमात फोडल्या असत्या, आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडावर येऊन आदळलं असतं. २५ किलोच्या मुलाला २०० मिली म्हणजे फार झालं. आमच्याकडे शेवटच्या पिशवीत तांबड्या पेशी जेमतेम दहा-वीस मिली उरल्या तरच ती पुढे जाते.

(बाबा, तुमच्या लेकीचं उलटं होतं. तिथे त्रास देणाऱ्या अँटीबॉडी दात्याच्या प्लाझ्मात होत्या, म्हणून प्लाझ्मा काढला की काम झालं. पेशींच्या थराला हातच लागत नाही, म्हणून आकडा हलत नाही.)

आता मशीन. सेल सेपरेटर म्हणजे मुळात गरगर फिरणारं एक कडं. गढूळ पाणी भांड्यात ठेवलं की जड गाळ खाली बसतो आणि निवळ वर राहतं, तेच इथे वेगानं होतं. सगळ्यात जड तांबड्या पेशी, त्या कड्याच्या बाहेरच्या भिंतीला जातात. सगळ्यात हलका प्लाझ्मा, तो आतल्या बाजूला. मध्ये एक करडा-पांढरा पदर तयार होतो, कागदाइतका पातळ. मूळ पेशी त्या पदरात असतात. मशीन तेवढाच पदर एका बारीक नळीनं उचलून वेगळ्या पिशवीत घेतं आणि बाकीचं परत मॅरोच्या पिशवीत सोडतं. मग तोच मॅरो पुन्हा आत. अशा पाच-सहा फेऱ्या होतात, कारण एका फेरीत सगळ्या मूळ पेशी हाती लागत नाहीत. दीड-दोन तास जातात.

हे सगळं मशीन आपोआप करतं असं वाटतं, पण ते दोन तास मी खुर्चीवरून उठत नाही. डोळा त्या बारीक नळीवर. नळीतला रंग फिकट गुलाबी हवा. लाल व्हायला लागला तर पदराच्या खालून तांबड्या पेशी ओढल्या जाताहेत. फारच पांढरट झाला तर आपण वरवरचंच घेतोय आणि मूळ पेशी खाली राहताहेत. शेजारी रंगांचं एक कार्ड ठेवलेलं असतं, ते नळीच्या मागे धरायचं आणि पंपाचा वेग एकेक टिंबानं कमी-जास्त करायचा. मॅरो रक्तासारखा नसतो. वर पिवळ्या चरबीचे थेंब तरंगत असतात, हाडाचे बारीक कण असतात, ते आधीच जाळीतून गाळावे लागतात. तरी एखादी गुठळी निसटते आणि पदर डळमळतो. मग थांबायचं, पदर पुन्हा बसू द्यायचा आणि नव्यानं सुरू करायचं.

आता तुमचा निम्मा आकडा. टीएनसी म्हणजे केंद्रक असलेल्या सगळ्या पेशी, सरसकट. त्यात मूळ पेशी शंभरात एखादी. मोठा वाटा असतो ग्रॅन्युलोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींचा, पिकलेल्या आणि अर्ध्या पिकलेल्या. या पेशी वजनाला जड, त्यामुळे फिरवल्यावर त्या तांबड्या पेशींना चिकटूनच बसतात. तांबडा थर काढला की त्या त्याच्याबरोबर जातात. आकडा पडतो तो त्यांच्यामुळे. आणि त्या गेल्यानं तुमच्या मुलाचं काही बिघडत नाही. त्या तशाही फार दिवस जगणाऱ्या नाहीत, आणि त्यांच्यापासून मॅरो उगवत नाही. मूळ पेशी दिसायला लहान लिम्फोसाइटसारखी असते, वजनानं हलकी. ती मधल्या पदरात राहते, म्हणजे पिशवीत येते.

म्हणून म्हणते, सीडी३४ बघा. सीडी३४ ही मूळ पेशींच्या अंगावरची खूण आहे. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रावर ती खूण असलेल्या पेशी मोजतात, आणि त्यातल्या जिवंत किती तेही कळतं. चांगल्या प्रक्रियेत टीएनसी निम्मा होतो आणि सीडी३४ जवळजवळ जागचा हलत नाही.

पिशवी लहान झाली याचं तर समाधान माना. ७०० मधल्या ५९० मिलीत जे होतं ते तुमच्या मुलाला नको असलेलं होतं.

---

नवीन_इथे

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या भावाला दिलेल्या पेशी दात्याच्या हातातून मशीननं घेतल्या होत्या. गट तिथेही वेगळा होता, पण असं काही केलं नाही. मग आमचं चुकलं का?

---

पेशीघर

नाही. हातातून घेताना दात्याला आधी इंजेक्शनं देऊन मूळ पेशी रक्तात आणतात आणि मशीन रक्तातून थेट तो मधला पदरच गोळा करतं. तांबड्या पेशी तिथेच दात्याला परत जातात. पिशवीत त्या मुळात थोड्याच येतात, त्यामुळे पुन्हा काढायची गरज सहसा पडत नाही.

मग सगळ्यांचंच हातातून का घेत नाहीत, हा पुढचा प्रश्न येईल म्हणून सांगते. अप्लास्टिक ॲनिमियात हाडातला मॅरोच बरा मानतात, कारण नंतर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा जुनाट त्रास त्यात कमी होतो. ताईंच्या लेकीला डॉक्टरांनी पालथं झोपवलं ते त्यासाठी.

---

वॉर्डातली_रात्रपाळी

मी ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे. ताई, पेशींचं पेशीघर सांगतीलच, आजच्या रात्रीचं मी सांगते.

लघवीचा रंग बघत राहा. लालसर किंवा चहासारखी गडद दिसली तर लगेच बेल दाबा, सकाळची वाट बघू नका. थंडी वाजून ताप, कंबर किंवा पाठ दुखतेय असं तो म्हणाला, श्वास लागतोय असं वाटलं, तरीही. उरलेल्या थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तर हेच दिसतं, आणि त्यासाठीच सलाइन जोरात चालू ठेवलेली असते. तो सारखा लघवीला उठतोय म्हणून सलाइन कमी करा असं सांगू नका. आया सांगतात, झोपमोड बघवत नाही म्हणून.

आणखी एक. इथून पुढे त्याला रक्त लागलं तर तांबड्या पेशी ओ गटाच्याच येतील, पण प्लेटलेटच्या पिशवीवर ए किंवा एबी लिहिलेलं दिसेल. ते बघून घाबरू नका, ते मुद्दाम असतं. दोघांच्याही गटाला चालेल असं द्यावं लागतं. आणि मॅरो देताना साधा पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर आम्ही कधीच लावत नाही, नाहीतर मूळ पेशी त्यातच अडकतील. शेवटी पिशवी सलाइननं विसळून तेही आत सोडतो. तुमच्या नर्सताईंनी विसळलेलं तुम्ही पाहिलं असेल.

---

दोघांची_आई

सापडली ओळ. मागच्या पानावर होती. सीडी३४ प्रतिकिलो, आधी ६.२, नंतर ५.७. खाली ‘व्हायबिलिटी ९८ टक्के’. तांबड्या पेशी आधी १९६ मिली, नंतर ९ मिली.

म्हणजे ५.७ राहिल्या? हे पुरेसं आहे?

विसळलेलं पाहिलं होतं मी. तेव्हा वाटलं होतं, शेवटचा थेंबसुद्धा सोडत नाहीत आणि मशीननं मात्र अर्धं टाकलं. लघवी आत्ताच झाली, पिवळीच आहे.

आता एक दुसरंच विचारते. लेकीनं संध्याकाळी विचारलं, ‘आई, माझं लाल लाल जे काढून ठेवलं त्याचं काय केलं?’ मला उत्तर देता आलं नाही. काल तिचं हिमोग्लोबिन १२.४ होतं, आज १०.१ आलंय. ते लाल रक्त तिलाच परत देता आलं नसतं का?

---

पेशीघर

ताई, ६.२ चे ५.७. शंभरातल्या ब्याण्णव मूळ पेशी तुमच्या मुलाला मिळाल्या, आणि तांबड्या पेशी शंभरातल्या पंचाण्णव गेल्या. हे आकडे दशलक्षांत असतात, म्हणजे त्याच्या दर किलो वजनामागे ५७ लाख. आम्ही निदान २० लाख तरी हवेत असं धरतो. तुमच्या लेकीनं दिलं ते पोचलंय. ज्यानं कुणी तुमची पिशवी चालवली, त्याचा हात चांगला आहे.

लेकीला सांगा की तिचं लाल रक्त कुणी लगेच फेकलेलं नाही. निदान आमच्या प्रयोगशाळेत सीडी३४ चा अहवाल हातात येईपर्यंत लाल पिशवी बाजूला, नाव-नंबरासकट, जपून ठेवायची असा नियम आहे. आकडा कमी आला तर तीच पिशवी पुन्हा मशीनवर चढवून राहिलेल्या मूळ पेशी काढता येतात. मी हे दोनदा केलंय.

दात्याला परत देण्याबद्दल: काही ठिकाणी देतात, विशेषतः दाता लहान मूल असेल तर. पण त्यासाठी सगळं आधीपासून त्या हिशेबानं चालवावं लागतं, तीच पिशवी त्याच मुलाला जातेय याची खात्री पुन्हा करावी लागते, म्हणून सगळे देत नाहीत. १०.१ ला तिला रक्त लागणार नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, त्या नेमानं घ्यायला लावा. काही आठवड्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. तिचा मॅरोही भरून येतो. तिला हे आवर्जून सांगा, कारण लहान दाते मनात धरून बसतात की आपल्यातलं काहीतरी कायमचं गेलं.

लहान दात्यांवरून एक आठवण सांगते, कारण तिथून मी खूप शिकले. कामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्यापुढे एका चिमुकल्या दात्याचा मॅरो आला, सगळा मिळून २५० मिली. मशीनच्या कड्याला स्वतःलाच भरायला पुरेशा तांबड्या पेशी लागतात. त्यांचा थर खाली बसला तरच त्याच्यावर मधला पदर तरंगतो. इथे तेवढ्या नव्हत्याच. पदर उभाच राहीना. अशा वेळी तिसऱ्याच माणसाच्या ओ गटाच्या, किरणोत्सर्ग दिलेल्या तांबड्या पेशी आधी कड्यात भरतात. ऐकायला विचित्र वाटतं की तांबड्या पेशी काढायच्या म्हणून तांबड्या पेशी घालायच्या, पण त्या ओ गटाच्या असल्यामुळे रुग्णाच्या अँटीबॉडी त्यांना फोडत नाहीत, आणि किरण दिल्यामुळे त्या तिसऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढू शकत नाहीत. आम्ही त्या आधी मागवून ठेवल्या नव्हत्या. रक्तपेढीतून यायला दोन तास गेले. दोन तास त्या मुलांचे वडील काचेपलीकडे उभे होते आणि मी पिशवी हळूहळू हलवत बसले होते. पेशींना काही झालं नाही, मॅरो काही तास सहज टिकतो. पण त्यांचा चेहरा मी विसरले नाही. तेव्हापासून दात्याचं वजन आणि अंदाजे किती मिली निघेल हे मी आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करून विचारते.

त्या वडिलांवरून आणखी एक. हे मशीन ज्या वंशातलं आहे तो एका वडिलांपासूनच सुरू झाला. १९६० च्या दशकात आयबीएममधले अभियंते जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्यूकेमिया झाला. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. एमिल फ्रायराइख यांच्याबरोबर बसून रक्तातल्या पेशी सलग वेगळ्या करणारं यंत्र घडवायला लागले. पुढे त्याच कंपनीचं २९९१ नावाचं यंत्र आलं, ते मुळात पेशी धुवायला होतं, पण कित्येक प्रयोगशाळांनी मॅरोसाठी वापरलं. माझ्या पहिल्या प्रयोगशाळेत त्याचाच पुढचा अवतार होता. त्याच्यावर मी शिकले.

---

दोघांची_आई

सकाळचे सात. लघवी रात्रभर स्वच्छ. ताप नाही.

लेकीला व्हिडिओ कॉलवर दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिनं ६.२ मधून ५.७ वजा केले आणि म्हणाली, ‘फक्त पॉइंट पाच गेलं.’ मग भावाला विचारलं, माझ्या पेशी आत काय करतायत, कळतंय का काही. तो म्हणाला, झोपल्यात.

पेशीघर ताई, एक शेवटचं. त्याचा गट आता ए होणार म्हणतात. कधी?

---

पेशीघर

झोपलेल्या नाहीत, सांगा त्याला. रक्तातून वाट काढत हाडांत पोचायचं काम चालू झालंय.

गट बदलायला महिने लागतात. त्याच्या जुन्या ओ पेशी आणि बाहेरून दिलेल्या ओ पेशी संपत जाणार, नव्या ए पेशी येत राहणार. तांबडी पेशी १२० दिवस जगते, त्यावरून अंदाज घ्या. मधल्या काळात गटाची तपासणी केली तर दोन्ही गट मिसळलेले दिसतील. त्याला चूक समजू नका.

पण एक लक्षात ठेवा, हे तुमच्या जोडीत महत्त्वाचं आहे. त्याच्या जुन्या ए-विरोधी अँटीबॉडी लगेच संपत नाहीत. म्हणून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर आल्या तरी तांबड्या मागे राहू शकतात, कधी कधी बरेच आठवडे. पांढऱ्यांची वाट साधारण तीन आठवडे बघायची. त्यानंतर डॉक्टरांना रेटिक्युलोसाइटचा आकडा विचारत जा, म्हणजे नव्या तांबड्या पेशी निघताहेत का ते कळेल. तो शून्यावरच अडून राहिला तर अँटीबॉडीचं टायटर (रक्तात त्या किती उरल्यात ते) पुन्हा बघा म्हणून सांगा. त्यावर उपचार आहेत.

आणि त्या कागदाची मागची बाजू फोटो काढून ठेवा. फाइल जाडजूड होते, पानं सुटतात.